सगळे बाहेर पडल्यावर

"सगळे बाहेर पडल्याशिवाय तुम्ही मशीन बंद करत नाही, बरोबर?" आगाशेसाहेबांनी विचारलं.

"नाही करत साहेब," दाजी म्हणाला. "आत कोणी काम करत असताना बंद केलं तर त्याचं काम मधेच तुटतं. डिस्कपण बिघडते."

"आज तसंच करायचंय. आधी सगळ्यांना व्यवस्थित बाहेर काढायचं, मग बंद करायचं." साहेबांनी केबिनचं दार नीट लागलंय का ते पाहिलं. "फक्त मशीन नाही, दाजी. कारखाना."

दाजी नाखवा टेबलासमोर उभा होता तो तसाच उभा राहिला. 'बसा' असं साहेब म्हणाले, तेही त्याला जरा उशिरानंच कळलं.

श्रीपाद आगाशे हे कोलशेतच्या त्या रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर. डोंबिवलीचे, सभ्य, शिपायालाही अहो-जाहो करणारे. त्यांनी जे सांगितलं ते टेबलाच्या काचेकडे बघत सांगितलं. शनिवारी सकाळी गेटवर टाळेबंदीची नोटीस लागणार होती. जनरेटर दुरुस्तीला काढलाय असं बोर्डावर लिहिलं होतं ते खोटं होतं. शुक्रवारी वीज मंडळ कारखान्यांची वीज बंद ठेवतं, एरवी त्या दिवशी जनरेटरवर काम चालायचं. आता जनरेटरच नाही म्हटल्यावर आजची, गुरुवारची रात्रपाळी आणि उद्याच्या सगळ्या पाळ्या रद्द. म्हणजे आज संध्याकाळी भोंगा झाला की सगळी माणसं आपल्या पायांनी, हसतखेळत गेटबाहेर जाणार होती.

"बॅकअप घ्या, मशीन नीट बंद करा, टेप माझ्याकडे द्या," साहेब म्हणाले. "आणि लोकांना निरोप पाठवा. नेहमीसारखाच. तुमच्या निरोपावर लोकांचा विश्वास आहे, आणि ते कुणाच्या तरी लक्षात आलंय वर." मग म्हणाले, "सिल्वासाच्या प्लँटसाठी तुमचं नाव दिलंय मी. या खात्यातून एकट्या तुमचं. माझ्या हातात तेवढंच होतं. कृपा करून कोणाजवळ बोलू नका."

दाजी 'बरं' म्हणाला नाही. 'नाही'ही म्हणाला नाही. आयुष्यातले बहुतेक निर्णय त्यानं असेच घेतले होते, कोणी तरी समोर बोलत असताना गप्प राहून.

तो चेंदणी कोळीवाड्यातला. बापाची होडी होती. खाडीतल्या मासळीला रॉकेलसारखा वास यायला लागला, गिऱ्हाईक मासा हातात घेऊन हुंगायचं आणि परत टोपलीत टाकायचं, तेव्हा बापानं होडी दारात पालथी घातली ती पुन्हा सरळ केली नाही. तो वास ज्या कारखान्यांतून यायचा त्यातल्याच एकात दाजी टायपिंगच्या परीक्षेवर चिकटला. पुढं कॉम्प्युटर आला आणि दाजी त्याचा ऑपरेटर झाला. वातानुकूलित खोलीत बसायचं म्हणून भर मे महिन्यात स्वेटर घेऊन निघायचा. कोळीवाडा त्याची टिंगल करायचा, "निघाला बघा बर्फातला बोंबील." पण पालथी होडी दारात असलेल्या घराला त्या स्वेटरचा केवढा आधार होता ते टिंगल करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मशीन एकच होतं, आणि एकाच वेळी आठ जागी आठ जण त्यावर काम करायचे. अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच, टाइम ऑफिस, सगळ्यांच्या टेबलावर एकेक पडदा आणि कीबोर्ड, आणि सगळ्या तारा दाजीच्या खोलीत. त्याच्या आधीचा ऑपरेटर एकदा घाईत सरळ खटका पाडून घरी गेला होता. पंधरवडाभर अकाउंट्सवाले जुनी बिलं पुन्हा टाइप करत बसले आणि त्या ऑपरेटरच्या आईबापाचा उद्धार करत राहिले. दाजीनं ते पाहिलं होतं. एका हुकमात सगळ्यांना मशीनमधून हुसकून लावायची सोय असते. दाजीनं ती कधी वापरली नाही.

त्याची रीत ठरलेली होती. शुक्रवारी जनरेटरवर कॉम्प्युटर चालवत नसत, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी आधी सगळ्यांच्या पडद्यावर निरोप धाडायचा. इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द: 'दहा मिनिटांत बंद करतोय. काम सेव्ह करा. चहा नंतर.' मग कोण कोण अजून आत आहे ते पडद्यावर बघायचं. जे असतील त्यांना फोन. फोनवरही कोणी हललं नाही तर उठून त्याच्या टेबलाशी जायचं आणि शेजारी उभं राहायचं. दाजीची दहा मिनिटं म्हणजे अर्धा तास, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. "ही काय खानावळ आहे का, शेवटचा जेवेपर्यंत थांबायला?" असं आगाशेसाहेबच एकदा चिडून म्हणाले होते. सगळे बाहेर पडले की दाजी 'सिंक' हा हुकूम तीनदा द्यायचा, म्हणजे मशीनच्या डोक्यात राहिलेलं सगळं डिस्कवर उतरावं. एकदा पुरतो, पण त्याला शिकवणाऱ्यानं तीनदा दिला होता, म्हणून हाही आचमनासारखा तीनदा द्यायचा.

केबिनमधून येऊन तो खुर्चीत बसला. बॅकअपची टेप फिरायला लागली. समोर काचेच्या खिडकीतून कारखान्याचं गेट दिसत होतं, आणि रस्त्यापलीकडे निळी ताडपत्री. समोरच्या कंपनीला गणपतीनंतर अशीच टाळेबंदी झाली होती. त्यांची माणसं अजून त्या ताडपत्रीखाली बसलेली असायची. सुरुवातीला घोषणा द्यायची, आता पत्ते खेळायची.

दाजीनं निरोप टाइप केला. बोटं जराशी अडली. मग त्यानं नेहमीचाच निरोप पाठवला, आणि शेवटी सवयीनं 'शनिवारी भेटू' असं लिहून गेला. ते दोन शब्द लिहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

लगेच फोन वाजला. स्टोअरमधून उत्तम होता. उत्तम मढवी, दिव्याला राहणारा, युनियनच्या कमिटीवरचा. दिव्यात पाण्याची बोंब, म्हणून रोज सुटताना कारखान्याच्या नळावर कॅन भरून घरी न्यायचा. दाजीची आणि त्याची भरतीची तारीख एकच होती आणि मैत्रीही तेव्हापासूनची.

"दाजी, एक विचारू?"

"विचार ना."

"जनरेटरचं खरं हाय का रे? सकाळी मी मागं जाऊन आलो. खोललेलं काय दिसलं नाय. कव्हर पण जागेवर हाय."

"मला काय कळणार रे? मी मशीनवाला."

"तुला सगळ्यांच्या आधी कळतं. बोनसचं पण पहिलं तुलाच कळलेलं." उत्तमनं आवाज खाली आणला. "ऐक. समोरच्यांचं काय चुकलं सांगू? ते भायेर होते. आत बसलो ना, तर काढायला पोलीस आणायला लागतात, पेपरात येतं, कलेक्टर येतो. भायेर असलो की नुसतं एक कुलूप पुरतं. तू फक्त बोल, काय ऐकलंस का. भोंग्याला अजून वेळ हाय. तू बोललास तर आज एक माणूस हलणार नाय हितून. मी बघतो."

टेप फिरत होती. दाजीला पालथी होडी दिसली. सिल्वासा त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण तिथंही अशीच एक थंड खोली असणार आणि तिथं बसणाऱ्याला पगार मिळणार, एवढं त्याला दिसत होतं. त्याला भीती वाटली. कारखान्यातल्या तीनशे माणसांसाठी नाही वाटली, स्वतःसाठी वाटली, आणि ती काही कोणाला सांगता येण्यासारखी गोष्ट नव्हती.

"मला बॅकअप घेऊन बंद करायला सांगितलंय," तो म्हणाला. "दर गुरुवारसारखं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तेवढ्यानंच त्याला हायसं वाटलं.

"नक्की?"

"अरे, हो."

"मंग ठीक हाय," उत्तम म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "तू बोलतोस तर ठीक. च्यायला, डोक्याला शॉट झालेला सकाळपासून. चल, लॉग आऊट करतो. नळावर गर्दी होईल नायतर."

पडद्यावरून स्टोअरचं नाव गेलं. मग डिस्पॅच गेलं. अकाउंट्सच्या दोघीही आज पटकन निघाल्या. मार्गशीर्षातला गुरुवार, घरी लक्ष्मीची पूजा मांडायची होती. एरवी दाजीला मिनतवाऱ्या करायला लागायच्या, आज फोनच करायला लागला नाही. एकेक नाव पडद्यावरून नाहीसं होत गेलं आणि दाजी ते बघत राहिला. शेवटी टाइम ऑफिस तेवढं उरलं.

टाइम ऑफिसला चंद्रभागा बसायची. कोलशेत गावातलीच. तिचा नवरा याच कारखान्यात टाकी धुताना आत गुदमरून गेला आणि त्याच्या जागी हिला घेतली. सातवी शिकलेली बाई टायपिंगला बसवली तेव्हा सगळे हसले होते. दाजीनं तिला एकेक अक्षर दाखवून शिकवलं होतं. अजूनही ती दोनच बोटांनी टाइप करायची, पण तिची चूक सहसा निघायची नाही.

दाजीनं फोन केला. तिनं उचलला नाही. मग तो नेहमीप्रमाणे उठला, जिना उतरून टाइम ऑफिसात गेला आणि तिच्या टेबलाशेजारी उभा राहिला.

"आलेच दाजीभाऊ," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "चारच नावं राहिलीत."

"कसली?"

"शनिवारच्या पहिल्या पाळीची."

दाजीनं टेबलाची कड धरली. "राहू दे ताई. शनिवारी सकाळी टाका."

"नाय हो. सकाळी गेटवर घाई असते. नाव नसलं तर वॉचमन आत सोडत नाय. मंग तो माणूस भायेर उभा रहातो बिचारा, सगळे आत जातात त्याच्या समोरून." ती बोलता बोलता टाइप करत होती. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, पडद्यावर आलं की नाही ते बघायचं, मग पुढचं. "माझ्या धन्याचं एकदा असंच झालेलं. दिवसभर तोंड पाडून बसला होता घरी."

दाजी उभा राहिला. सांगायचं तर हीच वेळ होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. गावातली बाई, पाच मिनिटांत अख्ख्या कारखान्यात बोंब झाली असती. तोंड उघडलं की झालं, एवढंच काम होतं.

तिनं शेवटचं नाव टाकलं. मग मान वर करून विचारलं, "बाया कायतरी बोलत होत्या संडासाकडं. शनिवारी चालू हाय ना नक्की?"

"चालू आहे," दाजी म्हणाला.

हे मात्र खोटं होतं, आणि त्याला आडोसा द्यायला दुसरा कुठला शब्द नव्हता.

"तेच म्हटलं मी त्यांना. काय असतं तर दाजीभाऊंनी सांगितलं असतं." ती मशीनमधून बाहेर पडली. पडदा विझवला, त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं, चारी कोपरे ओढून सारखे केले. पदर खोचून निघाली. "चला, पूजा व्हायचीय माझी. वैनींना सांगा, नारळ चांगले आलेत आमच्याकडं, शनिवारी आणते एक."

दाजी परत वर आला. पडद्यावर आता त्याच्या एकट्याचं नाव होतं. त्यानं टेप काढली. तीनदा 'सिंक' केलं. मग शेवटचा हुकूम दिला. पंख्यांचा आवाज तसाच चालू राहिला आणि पडद्यावर नेहमीच्या दोन ओळी आल्या: आता वीज बंद करायला हरकत नाही, किंवा पुन्हा सुरू करायचं असेल तर कुठलीही कळ दाबा.

दर गुरुवारी या ओळी आल्या की दाजीला समाधान वाटायचं. कोणाचं काही तुटलं नाही, कोणी आत अडकलं नाही. आज त्यानं खटक्याकडे हात नेला आणि खिडकीबाहेर पाहिलं. भोंगा झाला. माणसं निघाली. कोणी सायकल ढकलत होतं, कोणी डबा हलवत होतं. अचानक मिळालेल्या सुट्टीचा आनंद त्यांच्या चालण्यात दिसत होता. उत्तम दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन चालला होता. आज दोन दिवसांचं पाणी भरलं होतं त्यानं. गेटपाशी कॅन खाली ठेवून त्यानं हात झटकले, वॉचमनशी काहीतरी थट्टा केली, कॅन उचलले आणि बाहेर पडला.

तेव्हा दाजीच्यानं राहवलं नाही. त्यानं कळ दाबली.

मशीन पुन्हा उठायला लागलं. नीट बंद केलं होतं म्हणून काही कुरकुर न करता उठलं. तरी त्याला जो वेळ लागायचा तो लागला. दाजी पडद्यासमोर उभ्यानंच थांबला. डोक्याचा घाम पुसत होता, त्या थंड खोलीत. मशीननं नाव विचारलं, त्यानं दिलं. परवलीचा शब्द घाईत एकदा चुकला, पुन्हा दिला. मग त्यानं निरोप टाइप केला: 'शनिवारी टाळेबंदी आहे. कोणी बाहेर जाऊ नका. गेटच्या आत थांबा.' आणि सगळ्यांना पाठवला.

घंटी वाजली. निरोप आला. त्याच्याच पडद्यावर आला. मशीनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. आठही टेबलांवरचे पडदे विझलेले, कव्हरं घातलेली. दाजीनं निरोप पुन्हा पाठवला. पुन्हा त्याच्याच पडद्यावर आला.

खिडकीतून बघितलं तर गेटपाशी शेवटची पाच-दहा माणसं होती. धावत जाऊन ओरडता आलं असतं. जिना उतरला की पटांगण आणि पटांगणापलीकडे गेट. पण आयुष्यभर त्यानं सगळ्यांना जे काही सांगितलं ते या खुर्चीवरून, बोटांनी सांगितलं होतं. पाय हलले नाहीत. वॉचमननं मोठ्या गेटचे दोन्ही दरवाजे ओढून घेतले, आणि दाजी तरीही खिडकीतच होता.

मग त्यानं मशीन पुन्हा बंद केलं. तीनदा 'सिंक', शेवटचा हुकूम, त्या दोन ओळी, खटका. खाली आगाशेसाहेब गाडीपाशी उभे होते. त्यांनी टेप घेतली, बॅगेत ठेवली. "सगळे गेले ना व्यवस्थित?" त्यांनी विचारलं. दाजीनं मान हलवली. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते गाडीत बसले.

शुक्रवारी बायकोनं, आवडाबाईनं, गुरुवारचा उपास झाला म्हणून कोलंबीचं कालवण केलं. दाजीनं भात नुसताच चिवडला.

"बरं नाय का?" तिनं विचारलं.

"आपल्याला सिल्वासाला जावं लागेल बहुतेक," तो म्हणाला.

"कामाला? मंग चांगलं हाय ना." तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "चांगलं हाय ना?"

तो उठून हात धुवायला गेला.

शनिवारी त्याला यायची गरज नव्हती. येऊ नका, असं साहेबांनी सांगूनही ठेवलं होतं. तरी सकाळी तो स्वेटर काखेत घेऊन निघाला. माजिवड्याला बस बदलली, तेव्हा पहिल्या पाळीचे दोघे-तिघे भेटले. "काय दाजी, आज लवकर?" असं त्यांनी विचारलं. तो हसला. पुढं कोलशेत येईपर्यंत ते क्रिकेटचं बोलत होते आणि दाजी खिडकीबाहेर बघत होता.

गेटला साखळी होती. साखळीला दोन कुलपं. नोटीस इंग्रजीत आणि मराठीत, आतल्या बाजूनं तारेनं बांधलेली, म्हणजे बाहेरच्यांचा हात पोचू नये. आत नव्या गणवेषातले अनोळखी पहारेकरी. बाहेर शे-दीडशे माणसं जमली होती. ओरडाआरडा अजून सुरू व्हायचा होता. कोणी दोनदा-तीनदा वाचत होतं. उत्तम गेटचे गज धरून उभा होता. त्याचा रिकामा कॅन पायाशी आडवा पडला होता. त्याला दाजी दिसला. त्यानं दाजीकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, शिवी दिली नाही की जवळ आला नाही. मग त्यानं तोंड गेटकडे फिरवलं. त्या दिवसानंतर उत्तम दाजीशी बोलला नाही. पण तेव्हा हे दाजीला ठाऊक नव्हतं, नुसता अंदाज आला होता.

गटाराच्या कठड्यावर चंद्रभागा बसली होती. मांडीवर डबा, शेजारी पिशवीत नारळ. भोवती चार बायका रडकुंडीला आलेल्या, आणि ही त्यांना समजावत होती.

"अगं, पाटी चुकून लागली असंल. नायतर अगोदरची असंल. मी स्वतः विचारलंय गुरुवारी. दाजीभाऊंनी सांगितलं चालू हाय म्हणून. मी नावं पण टाकलीत सगळ्यांची."

"वाच की नोटीस! तारीख बघ!" एक जण ओरडली.

"तारीख असू दे. दाजीभाऊ खोटं बोलतील का? कोणी आत असलं तर मशीनला हात लावत नायत ते." तेवढ्यात तिला तो गर्दीत दिसला आणि तिचा चेहरा उजळला. "हे बघा, आले पण. विचारा त्यांनाच."

बायका वळल्या. त्यांच्या मागची माणसंही वळली. दाजी काखेतला स्वेटर घट्ट धरून उभा होता. त्यानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मग स्वेटरच्या बाहीनं तोंडावरचा घाम पुसला.

"धावत आलेत वाटतं," चंद्रभागा म्हणाली. "बसा दाजीभाऊ. दम घ्या. मंग सांगा."

आणि तिनं शेजारची नारळाची पिशवी उचलून मांडीवर घेतली, थोडी सरकली, आणि कठड्यावर त्याच्यासाठी जागा केली.